उभ्या उभ्या तर्जुमा

तर्जुमेवाले काकांना मी बसलेलं फक्त दोनदा पाहिलं. एरवी ते उभे असत, नाहीतर चालत असत. नेरच्या एस.टी. स्टँडवर बाकडी रिकामी असली तरी काका खांबाशेजारी उभे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि एकटेच राहत असल्यामुळे जेवणही ओट्यापाशी उभ्यानंच उरकत. त्यांच्या घरी दोन खुर्च्या होत्या. एकीवर इस्त्रीचे कपडे आणि दुसरीवर इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश. पाहुणा आला की शब्दकोश उचलून त्याला बसवायचे, आणि तो उंबऱ्याबाहेर पडायच्या आत शब्दकोश परत खुर्चीवर. कोणी म्हणे काकांना मूळव्याध आहे, कोणी म्हणे काही नवस आहे. काका दोन्हींना हो म्हणत.

त्यांना नाव होतं, पण ते लाइटबिलापुरतं. सगळी नोकरी त्यांनी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या कोर्टांत काढली. खटला अपिलात वर गेला की खालचे मराठी जबाब, पंचनामे, साक्षी इंग्रजीत करून पाठवायचे, म्हणजे तर्जुमा करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा नेरला होते, म्हणून नेरलाच राहिले. मूळचे ते झरी जामणीकडचे, जंगलातल्या एका पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण गावाबद्दल विचारलं की ते रस्त्यावरची एखादी पाटी दाखवून म्हणायचे, “हे वाच. इंग्रजीत सांग.”

आता माझं सांगते. मी नेरपासून सहा-सात किलोमीटरवरच्या तांड्यातली. आमच्या आजोबांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं, आम्ही कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतो. बी.ए. झाल्यावर मी स्टँडसमोरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये कामाला लागले आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर मला एक जाहिरात दिसली. अनुवादाच्या एम.ए.ची प्रवेश परीक्षा, सगळा पेपर इंग्रजीत, मोठ्या शहरातलं विद्यापीठ, हॉस्टेल. मी फॉर्म भरला. आमच्या बाचा माझ्यावर इतका भरवसा, की त्यानं परीक्षेच्या आधीच तांडाभर सांगून टाकलं. तांड्याचे नाईक, म्हणजे आमचे प्रमुख, यांनी तर परीक्षेच्या आधीच्या रविवारी सगळ्यांसमोर शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि दीड महिन्यानं मी नापास झाले.

तेव्हापासून तांड्यात राहणं कठीण झालं. कोणी टोमणे मारत नव्हतं, ते मारले असते तर बरं झालं असतं. सगळे मायेनं विचारत, “लागला का निकाल?” सत्कार झाला म्हणजे मुलगी पास होणारच, निकाल तेवढा अडकला आहे, अशी सगळ्यांची समजूत. बा मान खाली घालून म्हणाला, अजून एकदा दे, नाही जमलं तर बी.एड.ला नंबर लाव. मला बी.एड. नको होतं. मला काय हवं होतं तेही नीट सांगता येत नव्हतं, पण हातापायांत सारखं काहीतरी वळवळत होतं. झेरॉक्सच्या मशीनसमोर उभी राहून मी गाइडमधले इंग्रजी शब्द पाठ करायची, दिवसाला पन्नास, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले चाळीस विसरायची.

काका एकदा पेपरमधल्या कात्रणाची झेरॉक्स काढायला आले. मशीनवर ठेवलेलं माझं गाइड त्यांनी उचललं, चार पानं उलटली, आणि ज्या शब्दाखाली मी लाल रेघ मारली होती त्यावर बोट ठेवून विचारलं, “हा शब्द तुले कोठी भेटला?”

मी म्हटलं, गाइडमध्ये.

“मंग तुही त्याची ओळख नाही झाली. नुसता फोटो पाह्यला.” त्यांनी गाइड मिटलं. “उद्या साताले स्टँडवर ये. चपला चांगल्या घालजो.”

शिकवणीला चांगल्या चपला कशाला लागतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काका चालत शिकवत. स्टँडवरून निघायचं, कापूस बाजाराच्या फाटकापर्यंत जायचं, तिथून अमरावती रस्त्याला लागून कापसाची सरकी काढतात त्या जिनिंगपर्यंत, आणि परत. हातात वही नाही, पेन नाही. स्टँडवर ते एक इंग्रजी उतारा वाचून दाखवायचे, दोनदा. तो मी डोक्यात धरून चालायचं. एखाद्या शब्दाशी अडले तर थांबायचं नाही. “चालत राह्य, येईल तो मागून,” असं ते म्हणत, आणि खरंच तो कधी बाजाराच्या भिंतीपाशी येई, कधी पार जिनिंगजवळ. काकांची चाल इतकी भरभर, की मी त्या वर्षात इंग्रजी किती शिकले ते माहीत नाही, पण दम भरपूर वाढला.

खरी परीक्षा बाजाराच्या फाटकाशी असे. तिथे कमलाबाईंची चहाची टपरी होती. कमलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. डोक्यातला उतारा मी कमलाबाईंना मराठीत सांगायचा, त्या चहा गाळत ऐकणार, आणि काका शेजारी उभे राहून फक्त कमलाबाईंच्या तोंडाकडे पाहणार. मधे त्यांनी ‘मग?’ म्हटलं तर पास. ‘म्हणजे?’ म्हटलं तर नापास. काकांचा नियमच होता, “‘म्हणजे’ आलं की तर्जुमा गेला.”

पहिला महिना मी नुसती ‘म्हणजे’ गोळा करत होते. एकदा समुद्रकाठच्या दीपस्तंभात एकट्या राहणाऱ्या माणसाचा उतारा होता. मी मोठ्या थाटात ‘दीपस्तंभाचा रक्षक’ म्हणून सुरुवात केली, आणि कमलाबाईंनी गाळणी हातात तशीच धरून विचारलं, “म्हणजे?” काकांनी मला परत स्टँडपर्यंत चालवलं. दुसऱ्या फेरीला मी सांगितलं, की समुद्रात रात्री जहाजं येतात, खडक दिसत नाही, म्हणून एका उंच मनोऱ्यावर मोठा दिवा लावतात, आणि तो दिवा विझू नये म्हणून एक माणूस तिथेच राहतो, वर्षानुवर्षं, एकटा. कमलाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “मंग त्याले सैपाक कोण करून देते?” काका खूश. त्या दिवशी त्यांनी चहा पूर्ण प्यायला. एरवी अर्धा कप टाकून ते पुढे निघालेले असत.

कवितेचे, कथेचे उतारे मागितले की काका हात झटकत. त्यांचं पुस्तक म्हणजे रस्ता. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, बँकेची नोटीस, ट्रॅक्टरच्या विम्याची अटींनी भरलेली मागची बाजू. “ज्याच्यानं माणसाचं अडते ते आधी कर,” असं म्हणत. स्टँडवर कंट्रोलर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायचा त्याचंही इंग्रजी करायला लावत, आणि एकदा एका कंडक्टरनं एका प्रवाशाला हासडलेल्या शिवीचं. मी अडले तर म्हणाले, “राग येऊ दे आधी, मंग जमते.” मला राग यायला फारसा वेळ लागत नव्हता, कारण परीक्षा जवळ येत होती आणि मी विम्याच्या अटींचे अनुवाद करत होते. गाइडमधल्या नमुना पेपरात विमा कुठेच नव्हता.

फवारणीच्या दिवसांत एक शेतकरी काकांकडे औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद घेऊन आला. मुंगीएवढ्या अक्षरांतलं इंग्रजी. काकांनी तो माझ्या हातात दिला. वारा कुठून आहे ते पाहून फवारावं, अंगभर कपडे घालावेत, चक्कर आली, डोळ्यांत अंधारी आली तर काय करावं, असं सगळं मी त्याला मराठीत सांगितलं. तो मान डोलावून गेला. मग काका मला म्हणाले, “आता हेच तुह्या तांड्यात सांगून ये. तुमच्या बोलीत.”

मी म्हटलं, “तिथं सगळ्यायले मराठी समजते, काका.”

“समजते, पोरी. पण भेव कोणत्या बोलीत वाटते त्यायले?”

मी तांड्यात जाऊन तो कागद मराठीतच वाचला. सगळ्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी आमचा शेजारी उघड्या अंगानं फवारत होता. मी ते काकांना सांगितलं नाही.

गोरबोलीचं, म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीचं, आणि माझं असं होतं, की ती मी तांड्याच्या फाट्यावर ठेवून येत असे आणि परत जाताना उचलून घेत असे. नेरच्या शाळेत पाचवीत मी पाणी मागताना चुकून आमच्या बोलीत बोलले आणि वर्गानं ते वाक्य मला चिडवायला वर्षभर पुरवलं. तेव्हापासून नेरमध्ये माझी मराठी नेरच्या मुलींपेक्षाही शुद्ध असायची. कॉलेजात तर कोणी विचारलं तर ‘घरी आम्ही मराठीच बोलतो’ असं मी सरळ सांगत असे. खोटं बोलताना माणसाला जरा तरी अडखळायला होतं, माझं ते वाक्य सरावानं गुळगुळीत झालं होतं.

दुसऱ्यांदा फॉर्म निघाला तो मार्चमध्ये. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होते आणि काका मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. नाव, पत्ता, टक्के. मग आलं, येत असलेल्या भाषा, चार जागा. मी मराठी भरली, हिंदी भरली, इंग्रजी भरली आणि पुढच्या पानावर जायला बटण दाबणार तेवढ्यात काका म्हणाले, “चवथी जागा रिकामी काहून ठेवली?”

“तीनच येतात.”

 मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तर्जुमेवाले काका गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. मला इतकं विचित्र वाटलं, की त्यांना बरं नाही म्हणून मी पाणी आणायला उठले.

पाणी त्यांनी घेतलं नाही. बसल्या बसल्या जे सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी एका कोर्टात, नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, नेहमीचा कारकून रजेवर होता म्हणून त्यांना न्यायाधीश साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसवलं होतं. साक्षीला एक कोलाम बाई उभी होती. शेताच्या एका पट्ट्याचा वाद होता. तिला मराठी येई ती बाजारापुरती. समोरचा वकील लांबलचक प्रश्न विचारी आणि ती प्रत्येकाला ‘हो’ म्हणे. साहेब चांगले होते. त्यांनी काम थांबवून विचारलं, इथे कोणाला कोलामी येते का. सगळं कोर्ट गप्प. काकांची ती आईची बोली. पण नोकरीला लागताना त्यांनी येणाऱ्या भाषांमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच लिहिलं होतं, आणि ऑफिसात कोणी चिडवलं तर आपण ती बोली कधीच विसरलो असं सांगून ठेवलं होतं.

“मी कागदाकडे पाह्यलं,” काका म्हणाले. “ते माह्याकडे पाहून राह्यली होती. तिनं मले चेहऱ्यावरून ओळखलं होतं. आपला माणूस हाय म्हणून ते पाहत होती. अन् मी खुर्चीवर बसून कागद पाहून राह्यलो.”

शेत तिनं आपल्या मर्जीनं दिलं का, या प्रश्नालाही ती ‘हो’ म्हणाली. पट्टा गेला. कोणीतरी तिच्या वतीनं अपील केलं, आणि ते कागद तर्जुम्यासाठी काकांच्याच टेबलावर आले. त्यांनी तिच्या एकेका ‘हो’चं सुरेख इंग्रजी केलं. साहेबांनी त्या तर्जुम्याची तारीफ केली. अपीलही गेलं.

हे सगळं ऐकून मी रडायला हवं होतं, किंवा निदान गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला. माझ्या डोक्यावर एक नापास झालेली परीक्षा, एक फोडलेला नारळ, आणि हे मला त्यांच्या जुन्या पापाचा हिशेब सांगत होते. मी म्हटलं, “तुमच्या कोर्टाचा अन् माह्या फॉर्मचा काय संबंध, काका? त्या बोलीले लिपी नाही, पुस्तक नाही. तिथं मोठ्या शहरात मले हसतील.” आणि त्यांच्यासमोर बटण दाबून फॉर्म पाठवून दिला. काका उठले. झेरॉक्सला दिलेला कागद मशीनवर तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्टँडवर गेले. काका नव्हते. मी एकटीच फाटकापर्यंत चालले. कमलाबाईंनी विचारलं, आज काही सांगत नाहीस काय. मी नाही म्हटलं. फॉर्म दुरुस्त करायला तीन दिवसांची मुदत होती, त्यातला एक गेला. दुकानात माझ्या हातून एका माणसाचा सातबारा दोनदा उलटा छापला गेला. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जावं ते कळेना. काका का बसत नाहीत, हे मला तेव्हा कुठे अंगात समजू लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुट्टी घेऊन घरी गेले. याडी, म्हणजे माझी आई, अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि काहीच सुचेना म्हणून तिला दीपस्तंभातल्या माणसाची गोष्ट सांगायला लागले. आमच्या बोलीत. इंग्रजीतून थेट, मधे मराठीचा थांबा न घेता. आमच्या बोलीत समुद्र नाही, जहाज नाही. मी रस्ता चुकलेल्या तांड्याची गोष्ट करून सांगितली, पुढे कडा आहे आणि अंधारात बैलांना दिसत नाही, म्हणून एक माणूस टेकडीवर जाळ पेटता ठेवून राहतो. मग म्हटलं, आता बैलांच्या जागी पाण्यावर चालणाऱ्या गाड्या समज. याडीचं सूप थांबलं.

“पछ?” ती म्हणाली. आमच्या बोलीत ‘मग’ला ‘पछ’ म्हणतात.

मी पुढे सांगत गेले. गोष्ट संपली तरी तिचं ‘पछ?’ संपेना, म्हणून त्या माणसावरून मी परीक्षेवर आले, पेपरात काय असतं ते सांगितलं, मागच्या वेळी कुठे चुकले ते सांगितलं, काका, कमलाबाई, सगळं. तेव्हा मला कळलं, की याडीला आजवर वाटत होतं मी कोर्टातल्या टायपिंगची परीक्षा देते आहे. सत्कारात तिनं टाळ्या वाजवल्या होत्या त्या टायपिंगसाठी. एवढे दिवस मला का नाही सांगितलंस, असं तिनं विचारलं. तिला मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम कधी तिच्या बोलीत सांगितलंच नव्हतं.

मी तशीच उठले, फाट्यावर आले, मिळेल त्या ऑटोनं नेर गाठलं. दुकानात जाऊन फॉर्म उघडला. चौथ्या जागेवरची यादी खाली खाली सरकवली, आमची बोली त्यात नव्हती. ‘इतर’ निवडल्यावर एक रिकामा चौकोन उघडला. तिथे ती इंग्रजी अक्षरांत कशी लिहायची तेही मला माहीत नव्हतं. आपल्या बोलीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सातला काका खांबाशेजारी उभे होते. जसं काही झालंच नव्हतं. मी म्हटलं, “भरली.” काका म्हणाले, “काय?” मी म्हटलं, “चवथी जागा.” त्यांनी फक्त मान हलवली आणि इतक्या जोरात चालायला लागले, की फाटकापर्यंत मला जवळपास पळावं लागलं.

परीक्षेला ते माझ्याबरोबर अमरावतीला आले. गाडी अर्धी रिकामी होती, तरी दांड्याला धरून उभेच. कंडक्टरनं तीनदा बसायला सांगितलं, चौथ्यांदा तो स्वतःच कंटाळून बसला. केंद्राच्या फाटकाबाहेर काका तीन तास उभे होते. पेपरात इंग्रजी उतारा होता, साखरेच्या कारखान्यातल्या बॉयलरचा, अगदी रुक्ष. मी लिहिण्याआधी डोळे मिटून तो कमलाबाईंना सांगितला. लेखी पेपरानंतर झालेल्या मुलाखतीत एका मॅडमनी माझ्या फॉर्ममधल्या चौथ्या भाषेवर बोट ठेवलं आणि त्या भाषेत काहीही करून दाखव म्हणाल्या. मी फवारणीच्या औषधाचा कागद आमच्या बोलीत सांगितला. डोळ्यांत अंधारी येते तिथपर्यंत आले तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला, शेजाऱ्याला सांगावं तसा. नंतर तेच इंग्रजीत सांगताना मी मध्येच अडखळले, तर मॅडम पुढे झुकून इंग्रजीत म्हणाल्या, ‘मग पुढे?’ त्या क्षणी मला निकाल कळला.

या वेळी बानं तांड्यात कोणाला सांगितलं नव्हतं. निकाल लागल्यावर नाईक स्वतः घरी आले आणि नारळ पुढे केला. बा म्हणाला, आधी तिला गाडीत बसू द्या. मागची शाल याडीनं लोणच्याच्या बरणीला गुंडाळली होती, ती तिनं घाईघाईनं सोडवून माझ्या पिशवीत कोंबली. त्या शालीला अजून कैरीचा वास येतो. मात्र निघण्याआधी, प्रवेशाची फी भरून आल्यावर, मी त्याच शेजाऱ्याला बोलावून फवारणीचा तो कागद आमच्या बोलीत सांगितला. त्यानं मान डोलावली नाही. उठून बाहीचा शर्ट शोधायला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी काका दुकानात आले आणि एक कागद टाइप करून मागितला. त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, नोकरीला लागल्याची तारीख, आणि खाली, येत असलेल्या भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोलामी. मी विचारलं, हा कोणाला द्यायचा. निवृत्त होऊनही त्यांना इतकी वर्षं झाली होती.

“कोणालेच नाही,” ते म्हणाले. “लिहिलेलं असावं.” कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते. सगळा वेळ खिशावर हात.

दिवाळीत मी घरी आले तर काकांच्या घराला कुलूप. कमलाबाई म्हणाल्या, झरीकडे गेले, कायमचे. मला चैन पडेना. भाऊबीज झाल्यावर मी तीन गाड्या बदलून झरी जामणीला पोचले. सागाच्या पानांवर धूळ बसली होती. सरकारी कचेरीबाहेरच्या झाडाखाली दहा-बारा माणसं दाटीनं बसली होती, आणि त्यांच्या मधोमध, पोत्यावर, मांडी घालून, तर्जुमेवाले काका. समोर एक बाई बोलत होती. काकांच्या मांडीवर अर्जाचा कागद होता, पण लिहीत नव्हते. तिच्या तोंडाकडे पाहत होते.

त्यांनी मला पाहिलं. पण ते उठले नाहीत. हातानं थांब अशी खूण केली आणि हळूच म्हणाले, “ते कोर्टातली बाई आता नाही राह्यली, पोरी. ही तिची सून आहे. हिचं सांगून होऊ दे.”

मी झाडाला टेकून उभी राहिले. बाई सांगत होती, मधेच अडली, पदरानं तोंड पुसलं आणि गप्प झाली. काका पुढे झुकले आणि तिला कोलामीत एकच शब्द म्हणाले. मला कोलामी येत नाही. पण बाई पुन्हा बोलायला लागली, त्यावरून तो ‘मग?’ होता, याची मला खात्री आहे.